बीटासाहेबांची पिवळी रेघ

बीटासाहेबांनी स्वतःच्या घरात, स्वतः विकत आणलेली पिवळी चिकटपट्टी, स्वतःच्या हातानं जमिनीवर लावली आणि ती सरळ आली आहे की नाही हे फूटपट्टी धरून पाहिलं. पुढे जे झालं त्याबद्दल त्यांना कुणाला बोल लावता येत नाही तो एवढ्याचसाठी. तरी ते लावतात. बोल लावण्याजोगी माणसं त्यांच्या इमारतीत मुबलक आहेत, तेवढी एक सोय आहे.

बीटासाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते कागदाच्या कारखान्यात होते. यंत्रातून कागद भरधाव निघत असतो, तेव्हा त्याची जाडी कुणी बोटानं चाचपून पाहू शकत नाही. तिथे एक चौकट बसवलेली असते. चौकटीच्या वरच्या बाजूला किरण सोडणारा सोर्स, खालच्या बाजूला ते किरण मोजणारं यंत्र, आणि मधून कागद पळतो. कागद जाड असला तर किरण कमी पोचतात, पातळ असला तर जास्त. त्यावरून लगदा किती सोडायचा ते आपोआप ठरतं. या किरणांना बीटा म्हणतात. आता सोर्स म्हटला की त्याच्या सुरक्षेसाठी एक अधिकारी नेमावाच लागतो असा नियम आहे, आणि ज्या बैठकीत हा अधिकारी नेमायचा होता त्या दिवशी नेमके हेच रजेवर होते. परत आले तेव्हा ते बीटासाहेब झालेले होते.

पण माणूस मोठा सरळ. रजेवर असताना गळ्यात पडलेलं काम त्यांनी पुढे वीसेक वर्षं मनापासून केलं. दरवर्षी कॅन्टीनमध्ये कामगारांना बसवून ते व्याख्यान देत. किरणांपासून बचावायचं तर तीन गोष्टी: अंतर, वेळ आणि आडोसा. लांब राहा, थोडा वेळ राहा, मध्ये काहीतरी असू द्या. व्याख्यानानंतर चहा असे, त्यामुळे गर्दी चांगली होई; ऐकत मात्र कुणी नसे. शेवटी ‘शंका असल्यास विचारा’ म्हटलं की हमखास एक जण उठून विचारी, ‘साहेब, यानं टक्कल पडतं का?’ आणि विचारणाऱ्याला मुळातच टक्कल असे.

घरीही त्यांचं बोलणं कुणी फारसं मनावर घेत नसे. बायको त्यांचं पहिलं वाक्य ऐकून दुसरं स्वतःच पूर्ण करी. मुलगा ‘हो बाबा’ म्हणे आणि उठून जाई. सून फार चांगली होती, म्हणजे ती उठून जात नसे, बसल्या जागी मोबाइल बघे. त्यांना खरोखर ऐकणारं माणूस घरात एकच होतं, आणि ते तीन वर्षांचं होतं. नात. दिवसभर घरभर गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. संध्याकाळी साहेब कारखान्यातून आले की भिंगरी त्यांच्या मांडीवर चढून बसे. ते खिशातून कागदाचे तुकडे काढत, एकेक दिव्यासमोर धरत. उजेड अडला तर भिंगरी म्हणायची ‘जाड’, उजेड आरपार आला तर ‘पातळ’. हा सगळा कारखान्यातल्या त्या चौकटीचा सिद्धांत होता आणि तो त्या घरात तिला एकटीला कळला होता. दिवसातला तेवढा एक तास साहेबांना आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. बाकीचे तास ते निभावून नेत.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. वजन उतरलं, छाती धडधडायला लागली, जरा कुणी भांडं आपटलं तरी ते खेकसायला लागले. बायकोला वाटलं वय झालं. डॉक्टरांनी गळा चाचपून, रक्त तपासून सांगितलं की थायरॉइडची ग्रंथी बेफाम सुटली आहे. उपाय सोपा: किरणोत्सारी आयोडीनचा एक घोट प्यायचा. ग्रंथी आयोडीन हावरटासारखं ओढून घेते, आणि मग त्यातले किरण तिला आतल्या आत जाळून आवरतात. बाकीच्या शरीराला फारसा धक्का नाही, कारण ते किरण एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत.

“म्हणजे बीटा,” साहेब म्हणाले.

“तुम्हाला कसं माहीत?” डॉक्टर म्हणाले.

एवढी वर्षं परक्याचा बीटा सांभाळला, आता घरचा मिळणार, या विचारानं साहेबांना त्या आजारातही जरा बरं वाटलं. डॉक्टरांनी सूचना दिल्या. बीटाच्या जोडीला दुसरे, लांब पल्ल्याचेही थोडे किरण निघतात, ते अंगाबाहेर येतात. म्हणून दोन-तीन आठवडे वेगळं झोपायचं, भांडी वेगळी धुवायची, लहान मुलाला जवळ घ्यायचं नाही. नंतर काही नाही. निघताना डॉक्टर म्हणाले की घरच्यांना सांगा, पण गावभर बोभाटा करू नका. यातलं पहिलं साहेबांनी ऐकलं. दुसरं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

कारण कारखान्याचा नियम असा की जिथे सोर्स तिथे फलक, आणि जिथे फलक तिथे रेघ. घोट घेऊन घरी आल्या आल्या त्यांनी निजायच्या खोलीच्या दारावर पिवळ्या पाठीवर काळी तीन पाती असलेला, कारखान्यात असतो तसला फलक लावला. दिवाणखान्यात आपल्या खुर्चीपासून दोन मीटर मोजून जमिनीवर पिवळी पट्टी मारली. भिंगरीला समोर उभं करून समजावलं की ही आजोबांची रेघ, हिच्या अलीकडे यायचं नाही. भिंगरीनं रेघेला पायाची बोटं टेकवून पाहिलं, आणि ती तिथेच थांबली. एवढं शहाणं मूल बघून साहेबांचा ऊर भरून आला. त्यांनी तिचं कौतुकही केलं.

“अहो, इथे माणसं राहतात,” बायको म्हणाली. “कारखाना नाहीये हा.”

साहेबांनी सांगितलं की नियम माणूस आणि यंत्र असा फरक करत नाही. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण नियम तसा फरक करतो हे त्यांना लवकरच कळायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी मोरीचा नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. मोरीची वाट निजायच्या खोलीवरून. त्यानं फलक पाहिला, हे काय म्हणून विचारलं, आणि साहेबांनी त्याला अंतर, वेळ, आडोसा हे सगळं उभ्या उभ्या समजावलं. प्लंबरनं वीस वर्षांत कुठल्याही कामगारानं ऐकलं नसेल इतकं मन लावून ऐकलं. मग पान्हा तिथेच ठेवून तो गेला. नळ अजून गळतो. पान्हाही घरातच आहे.

संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं. चौथ्या मजल्यावरच्या माणसानं अणूचं औषध प्यायलं आहे आणि ते फुटण्याची शक्यता आहे, इथपासून सुरुवात झाली. कचरेवाल्यानं त्यांची पिशवी उचलायचं सोडलं. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी निरोप पाठवला की गच्चीवर कपडे वाळत घालताना साहेबांचे कपडे वाऱ्याच्या खालच्या अंगाला घालावेत. कुणीतरी शोध लावला की लिफ्ट लोखंडाची असते आणि लोखंड किरण धरून ठेवतं. झालं. ज्या माणसाची छाती आधीच धडधडत होती तो चार मजले जिन्यानं चढायला लागला, आणि प्रत्येक मजल्यावर धाप टाकत उभा राहिला की त्या मजल्याची दारं बंद होऊ लागली. सल्ले मात्र दारांच्या फटीतून येतच राहिले. एकानं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. एकानं अंगाला दही लावून बसायला सांगितलं. एकीनं फार हळू आवाजात विचारलं की तिच्या नवऱ्याचं घोरणं यानं थांबेल का.

सगळ्यांत आपुलकीनं आले ते पाचव्या मजल्यावरचे लॉकेटवाले. हे गृहस्थ पूर्वी विमा विकत. विम्यात माणूस मरावा लागतो, तेव्हा कुठे गिऱ्हाईकाला पटतं. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी जिवंतपणी पटेल असा धंदा धरला होता. काळ्या गुळगुळीत दगडाचं लॉकेट. ज्वालामुखीच्या पोटातला दगड, त्यातून चांगली ऊर्जा निघते, वाईट किरण अंगाला शिवत नाहीत. रेघेच्या पलीकडे उभं राहून त्यांनी साहेबांना एक देऊ केलं. साहेबांनी विचारलं की चांगली ऊर्जा म्हणजे कुठली, मोजली का कुणी. लॉकेटवाले हसले आणि म्हणाले की साहेब, सगळंच काही मोजता येत नाही. मोजण्यावर आयुष्य काढलेल्या माणसानं यावर त्यांना दार दाखवलं. जाता जाता स्वयंपाकघराच्या दारात ते सुनेशी बराच वेळ बोलत होते, तिकडे साहेबांनी लक्ष दिलं नाही.

शेवटी इमारतीच्या कमिटीच्या अध्यक्षबाईंनी गच्चीवर सभा बोलावली. साहेब व्याख्यानाच्या तयारीनं गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर पूर्ण जागे असलेले श्रोते होते, आणि त्या भरात ते वाहवले. त्यांनी सांगितलं की बीटा ही भिण्याची वस्तू नाही. तुमच्या वहीच्या कागदाची जाडी त्यावर मोजतात, दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकची मोजतात. डोळ्यावर वाढलेलं मांस काढल्यावर ते पुन्हा वाढू नये म्हणून तिथे बीटाचा ठिपका टेकवतात. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना बीटाच्या इंजेक्शननं कमी होतात. आणि माझ्या अंगातला तर दिवसेंदिवस आपोआप संपतो आहे. तीन आठवड्यांनी तो नगण्य होईल.

“नगण्य म्हणजे शून्य ना?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“शून्य म्हणता येणार नाही. विज्ञानात शून्य असं कधी म्हणत नाहीत.”

“तुम्ही म्हणा ना. आम्ही विज्ञानाला सांगायला जात नाही.”

हा माणूस तेव्हा ‘शून्य’ म्हणाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. सगळे खाली जाऊन जेवले असते. पण तो नाही म्हणाला. खोटं बोलायचं नाही, आणि खऱ्याला बारीकशीही घडी पडू द्यायची नाही, असा त्याचा ताठा. सभेनं ठराव केला की बीटासाहेबांनी आपल्या अंगात काही उरलं नसल्याचा अधिकृत दाखला आणावा, तोवर लिफ्ट, गच्ची आणि लहान मुलं यांच्यापासून लांब राहावं. टाळ्या पडल्या. साहेबांच्या मुलानंही, सवयीनं, वाजवल्या.

तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, झालं, आता नातीला घ्या. साहेब धावत घरी आले, म्हणजे जिना परवानगी देईल तितके धावत, आणि खुर्चीत बसून त्यांनी हात पसरले. सून मध्ये उभी राहिली.

“बाबा, माझा तुमच्यावर विश्वास आहे,” ती म्हणाली. “फक्त एकदा तो दाखला येऊ दे.”

ज्या माणसावर विश्वास असतो त्याच्याकडे दाखला कशाला मागतात, असं साहेबांच्या ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. भिंगरी रेघेवर उभी होती. त्यांनी खिशातला कागद लांबूनच दिव्यासमोर धरला, पण तिथून तिला उजेड नीट दिसत नव्हता, आणि ती काहीतरी अंदाजानं म्हणाली. तिचा अंदाज चुकला, तरी साहेब ‘बरोबर’ म्हणाले.

मग सुरू झाली दाखल्याची वणवण. इस्पितळात सांगितलं की औषध दिल्याचं आम्ही लिहून देतो. संपल्याचं लिहायची पद्धत नाही. तिथून त्यांना किरणोत्सारी वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत धाडलं. या कचेरीशी साहेबांचा जुना संबंध, कारखान्याचे कागद तिथेच जात. खिडकीतल्या कारकुनानं सोर्स कोणता ते विचारलं. साहेब म्हणाले, मी. कारकुनानं शांतपणे उत्पादनाचं वर्ष विचारलं. साहेबांनी जन्मसाल सांगितलं. अनुक्रमांक विचारल्यावर साहेब अडले.

“तुम्ही यंत्र आहात का?”

“नाही.”

“मग आमच्याकडे कशाला आलात? आमचे नियम यंत्राला लागू आहेत. तुम्ही यंत्र असता तर उभ्या उभ्या काम करून दिलं असतं.”

कारकून स्वभावानं वाईट नव्हता. त्यानं आत जाऊन आपल्या वरिष्ठाला विचारलं आणि बाहेर येऊन एक वाट सुचवली: निकामी झालेला सोर्स म्हणून अर्ज करायचा. म्हणजे शिशाच्या पिंपात बंद करून तो निर्मात्याकडे परत पाठवायचा असा हुकूम निघेल, आणि त्या हुकमाच्या आधारानं पुढे काहीतरी करता येईल. बीटासाहेबांनी सांगितलं की निर्माते दोघेही वारले. असे सगळे मिळून अडीच महिने गेले. तेवढ्यात आजार पुरता बरा झाला. हात थरथरायचे थांबले, वजन भरलं, जिने चढून चढून पोटऱ्या तर तरुणासारख्या झाल्या. इतका ठणठणीत माणूस घरात एकटा जेवत होता. वेगळी भांडी आता वेगळी म्हणून कुणाच्या लक्षातही येत नव्हती; ती त्यांची भांडी होती. खरं दुखलं ते हे, की त्यांच्यावाचून काहीच अडलं नव्हतं. वेगळी खोली, वेगळी वेळ, मध्ये भिंत. अंतर, वेळ आणि आडोसा. वीस वर्षांत त्यांचं व्याख्यान इतकं चोख कुणीच अमलात आणलं नव्हतं.

दाखला मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी शेवटचा उपाय काढला. कारखान्यातलं किरण मोजायचं मीटर सही करून घरी आणलं, आणि अध्यक्षबाई, मुख्याध्यापिकाबाई, लॉकेटवाले आणि ज्यांना ज्यांना शंका होती त्या सगळ्यांना संध्याकाळी दिवाणखान्यात बोलावलं. मंडळी रेघेबाहेर दाटीनं बसली. साहेबांनी मीटर सुरू केलं. टिक. जरा थांबून, टिक.

सगळे उठून उभे राहिले. साहेबांनी समजावलं की हे मी नव्हे, एवढं तर कुठेही वाजतं, मातीतून, आकाशातून, या भिंतींतून थोडे किरण येतच असतात. हे सांगायला नको होतं. मुख्याध्यापिकाबाई भिंतीला टेकल्या होत्या, त्या पुढे सरकल्या. अध्यक्षबाईंनी भिंती कुणी बांधल्या त्याची चौकशी करायचं ठरवलं. पण साहेबांनी मीटर स्वतःच्या गळ्याशी नेलं आणि ते तेवढंच वाजलं. टिक. थांबून, टिक. पोट, पाठ, तळहात, सगळीकडे तेच. लोकांचे चेहरे सैल झाले. सून डोळ्यांत पाणी आणून हसली. साहेबांना वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात आतून भिंगरी धावत आली आणि सवयीनं रेघेला पायाची बोटं टेकवून उभी राहिली. साहेबांनी कौतुकानं पुढे होऊन मीटर तिच्यासमोर धरलं, हे बघ आजोबांचं खेळणं म्हणून. आणि मीटर तडतडायला लागलं. टिक आणि टिक यांच्यात फटच राहिली नाही.

साहेबांच्या हाताला वीस वर्षांची सवय होती. त्यांनी मीटर तिच्या डोक्याकडे नेलं, आवाज कमी झाला. पायाकडे नेलं, कमी झाला. छातीशी आणलं, वाढला. फ्रॉकच्या गळ्यात बोट घातलं तर दोरीला काळं गुळगुळीत लॉकेट. आजोबांच्या किरणांपासून संरक्षण म्हणून सुनेनं ते अडीच महिन्यांपूर्वी घातलं होतं. ते रात्रंदिवस तिच्या कातडीला चिकटून होतं.

“हे किरणोत्सारी आहे,” साहेब म्हणाले. “हा दगडच किरणोत्सारी आहे. काढा हे आधी.”

आता कुणालाही वाटेल की लॉकेटवाले कोपऱ्यात तोंड लपवून बसले असतील. माणूस विमा विकलेला होता. ते शांतपणे उठले आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, “बघितलंत? साहेबांच्या अंगात काही नाही, आणि लॉकेटमध्ये इतकं. म्हणजे गेलं कुठे सगळं? लॉकेटनं ओढून घेतलं. पोरीला लागू दिलं नाही.”

यात तर्क होता. खोटा होता, पण सुबक होता आणि एका दमात सांगता येत होता. साहेबांचा खरा तर्क सांगायला अर्धा तास लागला असता. त्यांनी सांगायला सुरुवातही केली, की किरण असे भिजत घातल्यासारखे मुरत नाहीत, की ही ग्रंथीतली वस्तू वेगळी आणि दगडातली वेगळी. पण तोवर सुनेनं मुलीला उचललं होतं आणि ती त्यांच्याकडे अशी पाहत होती की त्यांचं वाक्य तोंडातच राहिलं. तासाभरात बॅग भरून ती भिंगरीला घेऊन आईकडे गेली. लॉकेट मुलीच्या गळ्यातच होतं. आता तर ते काढायचा प्रश्नच नव्हता.

त्या आठवड्यात इमारतीत घरटी एक लॉकेट विकलं गेलं. मुख्याध्यापिकाबाईंनी दोन घेतली, एक भिंतीसाठी.

साहेबांनी मुलाला बसवून समजावलं. मुलगा पहिल्यांदाच उठून गेला नाही, पण ऐकून झाल्यावर म्हणाला की बाबा, तुम्ही ज्या घरात होतात त्याच घरात ते वाजलं ना. सुनेला फोन केला. ती म्हणाली, बाबा, आता पुरे. डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले की तुमचं बरोबर आहे, असल्या दगडांत थोरियम असतं, मी बोलतो त्यांच्याशी. ते बोललेही. सुनेनं आईला सांगितलं की डॉक्टर यांचेच आहेत. ते लॉकेट जीव जावा इतकं जहरी नव्हतं, हे साहेबांना ठाऊक होतं. पण तीन वर्षांच्या पोरीच्या कातडीला आठ प्रहर चिकटवून ठेवायची वस्तूही ती नव्हती. ते खुर्चीत बसून मनाशी हिशेब मांडत: अंतर काही नाही, वेळ सगळा, आडोसा एका पातळ फ्रॉकचाही नाही. बायको एकदा येऊन रेघेजवळ उभी राहिली, मग रेघ ओलांडून आली आणि त्यांच्या शेजारी बसली. अडीच महिन्यांनी.

“तुम्ही खरं बोलता ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पण तुमचं खरं कुणाला कळतच नाही हो. काय उपयोग त्याचा?”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कारखान्यातून शिशाचा एक छोटा डबा आणि लांब चिमटा घेतला आणि ते सुनेच्या माहेरी गेले. दारात तिची आई उभी राहिली. साहेब स्वतःहून जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबले. सून बाहेर आली. मागे, तिच्या पायांना धरून, भिंगरी.

“तुझं बरोबर होतं,” साहेब म्हणाले. “किरण माझ्यातूनच गेले. लॉकेटनं ओढून घेतले.”

सुनेचे डोळे भरले. इतक्या दिवसांत सासऱ्याचं एवढं सोपं बोलणं तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं.

“पण आता ते भरलंय. भरलं की ते उलटं सोडायला लागतं, पोरीच्या अंगावर. काढ ते. या डब्यात टाक.”

तिनं क्षणाचाही उशीर केला नाही. दोरी तोडून लॉकेट काढलं, चिमट्यानं धरलं आणि डब्यात टाकलं. अर्धा तास नाही, व्याख्यान नाही, मीटर नाही. साहेबांनी झाकण लावलं. वीस वर्षांत त्यांचं बोलणं इतक्या पटकन कुणाला पटलं नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

“मग दुसरं रिकामं घालू का तिला?” सुनेनं विचारलं.

हा प्रश्न येणार हे त्यांना रात्रभर माहीत होतं. त्याला उत्तर एकच होतं.

“नको,” ते म्हणाले. “मी लांब राहीन. लांब राहिलो की लॉकेट लागत नाही.”

भरलेल्या लॉकेटची बातमी इमारतीत पोचायला वेळ लागला नाही. लोक जिन्यात रांग लावून साहेबांच्या डब्यात लॉकेटं टाकून गेले. अध्यक्षबाईंनी तर त्यांचे आभार मानले. लॉकेटवाल्यांनी दर महिन्याला बदलायचं लॉकेट काढायचा बेत केला, पण मुख्याध्यापिकाबाईंना ते महाग वाटलं आणि मग सगळ्यांनाच वाटलं. साहेब डबा घेऊन कचेरीत गेले. कारकुनानं दोन मिनिटांत नोंद करून घेतला. दगडांना रकाना होता.

भिंगरी परत आली. संध्याकाळी साहेब खुर्चीत बसतात, ती रेघेशी येऊन उभी राहते, आणि साहेब लांबूनच कागद दिव्यासमोर धरतात. हल्ली त्यांनी मोठे कागद आणायला सुरुवात केली आहे. सुनेशी ते आता फार गोड बोलतात, तीही बोलते. रेघ काढू या का, असं बायकोनं एकदा विचारलं. काढायची तर त्याचं कारण सांगावं लागलं असतं, आणि सांगण्यासारखं कारण त्यांनी त्या पायरीवर उभं राहून स्वतःच मोडीत काढलं होतं.

परवा फरशी पुसताना पट्टीचं एक टोक सुटलं. साहेबांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. रोज थोडं थोडं सुटेल, एक दिवस सगळीच निघून जाईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही, असा त्यांनी मनाशी हिशेब केला. संध्याकाळी ते कारखान्यातून आले तेव्हा भिंगरी जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. दोन्ही तळहातांनी तिनं ते टोक दाबून दाबून बसवलं होतं.

“आजोबा, तुमची रेघ निघत होती,” ती म्हणाली. “मी चिकटवली.”

साहेबांनी वाकून पाहिलं. सरळ आली होती.

“शाबास,” ते म्हणाले, आणि वळसा घालून आपल्या खुर्चीत जाऊन बसले.